मॅक्रोच्या नव्या पेपरांची सायटेशन : घड्याळ कुठून लावायचं?

तिमाही

मॅक्रोइकॉनॉमिक्समधल्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या पेपरांना कोण, कधी आणि कशासाठी सायट करतं (म्हणजे आपल्या संदर्भयादीत घेतं) हे मोजायचं असेल तर काम कसं मांडावं, यासाठी हा धागा. इतर शास्त्रांत चालणारी रीत इथे जशीच्या तशी लावली की आकडे हमखास फसतात. सगळ्यात मोठी गफलत घड्याळाची, म्हणजे पेपराचं वय कधीपासून मोजायचं याची, म्हणून सुरुवात तिथून.

कॅप्लन, मोल आणि व्हायोलांते यांचा 'हँक'वाला (एकसारख्या नसलेल्या कुटुंबांच्या न्यू केन्सियन मॉडेलचा) पेपर घ्या. एनबीईआर या अमेरिकी आर्थिक संशोधन संस्थेच्या वर्किंग पेपरांत, म्हणजे जर्नलआधीच्या मसुद्यांत, तो जानेवारी २०१६ मध्ये आला, क्रमांक २१८९७. अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत (यापुढे एईआर) छापून आला मार्च २०१८ मध्ये. दोन वर्षांच्या खिडकीचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळाली ते सांगणारा आकडा) या पेपराची फक्त २०१९ आणि २०२० मधली सायटेशन धरतो. म्हणजे पेपर लोकांच्या हातात पडून तीन वर्षं झाल्यावर मोजणी सुरू! त्याआधीची सायटेशन वर्किंग पेपरच्या नावावर पडलेली, आणि ती जर्नलच्या खात्यात कधीच जमा होत नाहीत.

कोविडच्या वर्षात हे आणखी ठळक दिसलं. पुरवठ्याच्या धक्क्यातून मागणीची टंचाई येऊ शकते का, यावरचा गुएरिएरी, लोरेन्झोनी, स्ट्राउब आणि वर्निंग यांचा पेपर एप्रिल २०२० मध्ये एनबीईआरवर (२६९१८) आणि एईआरमध्ये मे २०२२ मध्ये. त्यावर वाद, उत्तरं, पुढचं काम हे सगळं मधल्या दोन वर्षांतच उरकलं होतं. जर्नलच्या तारखेपासून आलेख काढला तर पेपर 'जन्मतःच म्हातारा' दिसतो. पहिल्याच वर्षी शिखर आणि मग उतरण.

म्हणून माझा प्रस्ताव : शून्य वर्ष म्हणजे पहिल्या जाहीर मसुद्याचं वर्ष. छापील तारीख नुसती एक घटना म्हणून नोंदवायची.

नमुना निवडताना दोन गोष्टी सांभाळा. एक, जेईएल कोड, म्हणजे अर्थशास्त्रातल्या पेपरांचे विषयवार कोड. मॅक्रो म्हणजे 'ई', पण एका पेपराला पाच-सात कोड असतात. हँकच्या पेपराला ई-५२ आहे तसा डी-३१ पण आहे. 'पहिला कोड ई' अशी अट घातलीत तर कोड वर्णक्रमाने लिहिलेले असल्यामुळे असे पेपर गळतात. 'कुठलाही एक कोड ई' ही अट सैल आहे, फायनान्सचे पेपर आत येतात, पण ते नंतर काढता येतात. गळलेला पेपर परत आणता येत नाही. दोन, एईआरचा मे महिन्याचा अंक. २०१७ पर्यंत त्यात परिषदेचे छोटे पेपर, म्हणजे 'पेपर्स अँड प्रोसीडिंग्ज', छापले जायचे. २०१८ पासून ते वेगळं प्रकाशन झालं. डेटाबेसमध्ये जुने सगळे एईआर म्हणूनच बसलेत. पाच-सहा पानी पेपर आणि चाळीस पानी पेपर एकाच गटात धरले की सरासरीला अर्थ उरत नाही.

लॅम्डा१६००

घड्याळाचा मुद्दा शंभर टक्के पटला. याचं आद्य उदाहरण माझ्या आयडीतच आहे.

हॉड्रिक आणि प्रेस्कॉट यांचा फिल्टरवाला (आकडेमालिकेतून दीर्घकालीन कल वेगळा काढायच्या रीतीचा) पेपर कार्नेगी मेलनचा डिस्कशन पेपर म्हणून १९८० च्या सुमारास फिरू लागला. जर्नलमध्ये (जर्नल ऑफ मनी, क्रेडिट अँड बँकिंग) छापून आला १९९७ मध्ये. मधल्या काळात बिझनेस सायकलवरचं अख्खं साहित्य त्या फिल्टरवर उभं राहिलं. आता वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या डेटाबेसमध्ये नुसता १९९७ चा पेपर शोधलात तर १९८० ते १९९६ कोरं दिसेल, आणि एखादा शहाणा 'सतरा वर्षं झोपलेला पेपर' असा निष्कर्षही काढेल. झोपला वगैरे काही नव्हता, खातं दुसऱ्या नावावर होतं.

वेब ऑफ सायन्समध्ये यासाठी साधा शोध वापरू नका, 'साइटेड रेफरन्स सर्च' वापरा. लेखक हॉड्रिक, नावापुढे तारांकित चिन्ह, वर्ष १९८० ते १९८१ आणि १९९७. एकाच डिस्कशन पेपरच्या कितीतरी वेगवेगळ्या नोंदी दिसतात : कुठे कार्नेगी, कुठे सीएमयू, कुठे क्रमांकासह, कुठे नुसतं 'मिमिओ'. त्या हातानेच टिपून एकत्र कराव्या लागतात.

दुसरं. या पेपराला सायट करणाऱ्यांत हॅमिल्टन यांचा २०१८ चा पेपरही आहे, ज्याच्या शीर्षकातच हा फिल्टर कधीही वापरू नका असं म्हटलंय. मोजणीत तोही एक आणि निमूटपणे λ (कल किती गुळगुळीत ठेवायचा ते ठरवणारा फिल्टरचा आकडा) = १६०० लावणाराही एकच.

आणि १६०० हा आकडा तिमाही आकडेवारीसाठी आहे. वार्षिकला ६.२५ आणि मासिकला १,२९,६०० हे राव्हन आणि उलिग यांनी २००२ मध्ये दाखवलं. वार्षिक आकड्यांना १६०० लावून हॉड्रिक-प्रेस्कॉटना सायट करणारे पेपर अजूनही सापडतात. पेपर वाचून दिलेलं सायटेशन आणि दुसऱ्याच्या यादीतून उचललेलं सायटेशन ओळखायची ही बरी खूण आहे.

रकाना

आवृत्त्या जोडणं हेच निम्म्याहून जास्त काम असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रतिसाद लांबणार आहे.

एक मॅक्रो पेपर किती ठिकाणी असतो? एनबीईआर, सीईपीआर (युरोपातली तशीच संस्था), एखाद्या फेडची (अमेरिकी मध्यवर्ती बँक) किंवा ईसीबीची (युरोपीय मध्यवर्ती बँक) मालिका, एसएसआरएन (मसुद्यांचं संकेतस्थळ), लेखकाचं पान आणि शेवटी जर्नल. सहा नोंदी, सहा वर्षं, आणि सायटेशन सहा जागी वाटलेली.

ओपनॲलेक्स या सायटेशनच्या डेटाबेसपासून सुरुवात करा. फुकट आहे आणि पूर्ण डेटा उतरवता येतो. जर्नलच्या आयएसएसएनने (जर्नलचा ओळखक्रमांक) गाळणी लावा, एका पानाला जास्तीत जास्त चालतील तितक्या नोंदी घ्या, कर्सरने पुढे जा. पेपराच्या नोंदीत वर्षवार सायटेशनचा एक रकाना येतो आणि नवखे तिथेच फसतात, कारण त्यात फक्त अलीकडची दहा वर्षं असतात. होर्डा यांचा लोकल प्रोजेक्शनचा २००५ चा पेपर घेतलात तर पहिली दहा वर्षं त्या रकान्यात नाहीतच. त्या पेपराला सायट करणाऱ्या सगळ्या नोंदी वेगळ्या मागवायच्या आणि वर्षानुसार गट करून मोजायच्या. वेळ लागतो, पण आलेख खरा येतो.

मग जोडणी :

एनबीईआरचे डीओआय (पेपरांचे कायमचे ओळखक्रमांक) सगळे १०.३३८६ ने सुरू होतात, पुढे 'डब्ल्यू' आणि क्रमांक. ते वेगळे काढा. एनबीईआरच्या पेपरपानावर 'पब्लिश्ड व्हर्जन्स' म्हणून जागा असते, पेपर पुढे कुठे छापला गेला ते तिथे लिहिलेलं असतं. आधी ही जोडणी वापरा, शीर्षकं जुळवत बसणं त्यानंतर.

उरलेल्यांसाठी शीर्षक साफ करा : सगळी अक्षरं लहान, विरामचिन्हं गेली, उपशीर्षक कापलं. मग अक्षरसाम्य ०.९ च्या वर, आडनावांचा संच तोच, आणि दोन तारखांत आठ वर्षांपेक्षा जास्त अंतर नाही, अशी तिहेरी अट. आठ वर्षं जास्त वाटतील, पण मॅक्रोत लागतात. कियोताकी आणि मूर यांचा तरलतेवरचा पेपर २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हातोहात फिरत होता, एनबीईआरवर २०१२ मध्ये आला, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीत २०१९ मध्ये. इथे एनबीईआरची तारीखसुद्धा उशिराचीच.

ही अट कुठे तुटते? शीर्षक बदलतं तिथे. मियान आणि सूफी यांच्या २०१२ च्या वर्किंग पेपरच्या शीर्षकात 'जास्त बेरोजगारी कशामुळे' असा प्रश्न होता. २०१४ मध्ये इकॉनॉमेट्रिकात आला तेव्हा प्रश्न '२००७ ते २००९ मधली रोजगारातली घट कशामुळे' असा झाला होता. यंत्राला हे दोन वेगळे पेपर वाटतात. उलट नाकामुरा आणि स्टाइनसन यांच्या हाय फ्रिक्वेन्सीवाल्या पेपरला छापताना उपशीर्षक चिकटलं (वर्किंग पेपर २०१३, क्यूजेई म्हणजे क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स २०१८), म्हणून उपशीर्षक कापायचं.

उलटी चूकही होते. स्मेट्स आणि वाउटर्स : २००३ चा युरो क्षेत्रावरचा, २००७ चा अमेरिकेवरचा. लेखक तेच, विषय तोच, मांडणी तीच. पेपर मात्र दोन आहेत, जोडायचे नाहीत. अशा जोड्यांची हाताने केलेली 'जोडू नका' यादी लागतेच.

रिपेकमध्ये (अर्थशास्त्रातल्या पेपरांची खुली सूची) लेखकाने आपल्या खात्यावर दोन्ही आवृत्त्या घेतल्या असतील तर त्या परस्पर जोडलेल्या मिळतात, ही मोठी सोय आहे. पण तिथली सायटेशन ज्या पेपरांचा मजकूर यंत्राला वाचता आला त्यांतूनच काढलेली असतात. तेव्हा रिपेक जोडणीसाठी, ओपनॲलेक्स मोजणीसाठी. गूगल स्कॉलर डोळ्यांनी पडताळायला ठीक आहे. एका शोधाला हजारांवर निकाल देत नाही, आणि प्रबंध, स्लाइड सगळं मोजतं.

घाटमाथा

रकानाराव, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवण्यासारखा.

उलटतपासणी

जरा थांबा. 'शून्य वर्ष म्हणजे पहिला मसुदा' हे दिसतं तितकं निरुपद्रवी नाही.

एनबीईआरमध्ये पेपर टाकता येतो तो त्यांच्याशी संलग्न संशोधकाला, किंवा त्याच्याबरोबर लिहिणाऱ्याला. त्या गटाबाहेरच्या माणसाचा मसुदा विद्यापीठाच्या कुठल्यातरी मालिकेत पडतो, नाहीतर नुसता त्याच्या वेबपानावर. मग तुमच्या डेटात त्याचं 'पहिलं वर्ष' जर्नलचंच येणार. म्हणजे आतल्यांचं घड्याळ लवकर सुरू आणि बाहेरच्यांचं उशिरा. यावरून 'एनबीईआरच्या पेपरांना सायटेशन मिळायला जास्त वर्षं लागतात' असा उफराटा निष्कर्षसुद्धा निघू शकतो, कारण त्यांची सुरुवातीची मोकळी वर्षं धरली आणि इतरांची धरलीच नाहीत.

आणि एनबीईआरची वर्गणी, दर सोमवारी येणारी यादी, त्यावरची वर्तमानपत्रांची नजर यांचाही सायटेशनवर परिणाम आहे. तो पेपराच्या गुणाचा परिणाम म्हणून वाचला जाऊ नये.

तिमाही

उलटतपासणी, मान्य. दोन्ही घड्याळं ठेवू. प्रत्येक पेपराला दोन तारखा, आणि प्रत्येक आलेख दोनदा. दोन्हींत एकच गोष्ट दिसली तरच ती लिहायची. बाहेरच्यांच्या मसुद्यासाठी रिपेकच्या नोंदीत निर्मिती-तारखेचा रकाना असतो, एसएसआरएनवर पोस्ट केल्याची तारीख असते. हे दोन्ही तपासल्यावरही काहीच मिळालं नाही तर तो पेपर वेगळ्या गटात टाकायचा. अंदाजाने तारीख भरायची नाही.

घाटमाथा

'कधी'वर बरंच झालं, 'कशासाठी'वर कोणीच आलं नाही. मॅक्रोत खरी गंमत तिथे आहे.

ग्लँडन, कटनर, मजुमदार आणि स्ट्रूप यांनी दहा जर्नलांतले १,८९४ पेपर चाळून २०२३ मध्ये दाखवलं की चाळीस वर्षांत मॅक्रो आकडेवारीवर गृहीतकं तपासण्याकडून मॉडेल बांधून आकडे काढण्याकडे सरकलं. याचा सायटेशनवर थेट परिणाम होतो. मॉडेलवाल्या पेपरात संदर्भांचा मोठा वाटा अवजारांचा असतो : अय्यागरी १९९४, क्रुसेल-स्मिथ १९९८, ऑक्लर आणि सहकाऱ्यांची २०२१ ची सिक्वेन्स-स्पेस रीत. सुताराने पावतीवर रंधा बनवणाऱ्याचं नाव लिहावं तसं.

मग येतो कॅलिब्रेशनचा, म्हणजे मॉडेलमधले आकडे बाहेरून आणून बसवण्याचा, तक्ता. रकाने तीन : पॅरामीटर, आकडा, स्रोत. हा तिसरा रकाना म्हणजे सायटेशनची टाकसाळ. एकच ओळ जवळून बघा. काल्व्हो पद्धतीत किंमत न बदलण्याची तिमाही शक्यता ०.७५ धरली तर किंमत सरासरी १ ÷ (१ − ०.७५) म्हणजे ४ तिमाह्या, एक वर्ष टिकते. याला स्रोत काय द्यायचा? बिल्स आणि क्लेनो यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या किमती मध्यकाने (मीडियन) ४.३ महिने टिकतात असं काढलं. ते घेतलं तर ०.७५ टिकत नाही. नाकामुरा आणि स्टाइनसन यांनी २००८ मध्ये सेलच्या किमती वगळून ८ ते ११ महिने काढले. मग ०.७५ जवळपास बसतं. ताठर किमती हव्यात तो दुसऱ्यांना सायट करतो, लवचीक हव्यात तो पहिल्यांना. आकडा आधी ठरतो, सायटेशन मागून चालत येतं. या दोन पेपरांपैकी कोणाला जास्त सायटेशन यावरून 'क्षेत्राने कोणता निष्कर्ष स्वीकारला' असं म्हणणं म्हणजे घोड्यापुढे टांगा जुंपणं.

म्हणून माझी सूचना : प्रत्येक सायटेशनला जागेची खूण द्या. प्रस्तावना, साहित्याचा आढावा, मॉडेल, कॅलिब्रेशनचा तक्ता, निकालांशी तुलना, परिशिष्ट. मजकूर पीडीएफमधून काढला की हे बरंचसं यंत्राने होतं. हेतूचा शिक्का मात्र माणसानेच मारायचा : अवजार, आकडेवारी, वस्तुस्थिती, प्रतिपक्ष, की नुसता नमस्कार. दोन जणांनी एकमेकांचं न बघता शिक्के मारायचे आणि कॅपा (दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा) काढायचा. ०.६ च्या खाली आला तर व्याख्या ढिल्या आहेत. बहुतेक वेळा 'वस्तुस्थिती' आणि 'नमस्कार' यांतच गोंधळ होतो. एकाच कंसात चार-पाच नावं एका दमात आली तर नमस्कार, असा साधा नियम केलात तर कॅपा सुधारतो.

लॅम्डा१६००

+१. आणि जे इतकं मुरलंय की सायटच होत नाही, त्याचं काय? 'काल्व्हो प्राइसिंग', 'टेलर रूल', 'डिक्सिट-स्टिग्लिट्झ' ही आता विशेषणं झालीत. कितीतरी नवे पेपर १९८३, १९९३, १९७७ ही वर्षं लिहायच्या भानगडीत पडतच नाहीत. संदर्भयादीतून मोजलं तर टेलर यांचा प्रभाव ओसरताना दिसेल. पूर्ण मजकुरात 'टेलर' शब्द शोधा आणि यादीत नोंद आहे का ते बघा. दोन आकड्यांतलं अंतर हाच मुरण्याचा दर.

शिल्लक

दोन तांत्रिक खड्डे राहिलेत.

पहिला, पहिल्या लेखकाचा. वेब ऑफ सायन्समधून उतरवलेल्या फाइलीत संदर्भयादीच्या रकान्यात फक्त पहिल्या लेखकाचं नाव असतं. अर्थशास्त्रात लेखक बहुधा आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. त्यामुळे लेखकवार सह-सायटेशनचा (कोण कोणाबरोबर एकत्र सायट होतं त्याचा) नकाशा काढलात तर व्हायोलांते कॅप्लनच्या मागे गडप होतात, आणि एगर्टसन-वुडफर्ड २००३ हा पेपर एकट्या एगर्टसन यांच्या खात्यावर जातो. वुडफर्ड यांचं त्याच वर्षीचं पुस्तक तर जर्नल नसल्याने वेगळ्याच वाटेने येतं. नकाशात ए ते के फुगतात. बिब्लिओमेट्रिक्स किंवा व्हीओएसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थेट ती फाइल टाकणाऱ्या कितीतरी पेपरांत हे झालेलं दिसतं. लेखकाचा नकाशा काढायचाच असेल तर आधी संदर्भ ओपनॲलेक्सच्या ओळखक्रमांकांशी जोडा आणि सगळे लेखक आणा.

दुसरा, भारतीय विषयांचा. नोटाबंदीवरचा शोडोरो-राइश, गोपीनाथ, मिश्रा आणि नारायणन यांचा पेपर (एनबीईआर डिसेंबर २०१८, क्यूजेई २०२०) शोधताना पहिल्याच नावातला जोडचिन्हाचा घोळ. कुठे पूर्ण आडनाव, कुठे नुसतं 'राइश'. 'मिश्रा पी' या नावाचे लेखक किती असतील विचारू नका, पाटील-कुलकर्णींचीही तीच कथा. नावावर विसंबू नका, डीओआय किंवा ऑर्किडवर (संशोधकाचा ओळखक्रमांक) चला.

याच पेपराचा दुसरा पैलू : त्याला सायट करणाऱ्यांना दोन गटांत पाडा. एक गट भारतातल्या नोटाबंदीबद्दल बोलतो. दुसऱ्या गटाला भारताशी देणंघेणं नाही, रोख रकमेच्या टंचाईचा खऱ्या उत्पादनावर परिणाम होतो याचा पुरावा म्हणून तो पेपर वापरतो. सायट करणाऱ्या पेपराच्या सारांशात 'भारत' आहे की नाही एवढ्या चाळणीनेही प्राथमिक विभागणी होते.

आणि आपल्याकडच्या चलनविषयक धोरणावर लिहिणारे ज्याला हमखास सायट करतात तो ऊर्जित पटेल समितीचा जानेवारी २०१४ चा अहवाल. तो जर्नलमधला नाही, डीओआय नाही. कुठे 'आरबीआय', कुठे 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया', कुठे 'पटेल', कुठे समितीचं लांबलचक अधिकृत नाव. ४ टक्के महागाईच्या लक्ष्याचा उगम जिथे आहे तोच दस्तऐवज सायटेशनच्या नकाशात नाही, अशी स्थिती. हाताने जोडल्याशिवाय इलाज नाही.

तिमाही

शिल्लकताई, असाच घोळ परदेशी साहित्यातही आहे, फक्त तिथे तो कोणाला खटकत नाही. लुकास यांची १९७६ ची टीका आणि टेलर यांचा १९९३ चा नियम, दोन्ही कार्नेगी-रॉचेस्टर परिषदमालेत. बर्नान्की-गर्टलर-गिलक्रिस्ट १९९९ हे हँडबुकातलं प्रकरण. काल्व्हो जर्नल ऑफ मॉनेटरी इकॉनॉमिक्समध्ये. गुरकायनाक-सॅक-स्वान्सन २००५ मध्यवर्ती बँकांच्या आयजेसीबी या जर्नलात. पहिल्या पाच जर्नलांपुरतीच सायटेशन मोजली तर मॅक्रोचा पायाच नकाशाबाहेर जातो.

उलटतपासणी

सहमत. आता सायटेशनचा सूर. मोजणीत होकार-नकार दिसत नाही हे लॅम्डाने वर म्हटलंच. राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा पेपर या कामासाठी प्रयोगशाळाच आहे. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ कोसळते, असं तो सांगायचा. एप्रिल २०१३ मध्ये हर्न्डन, ॲश आणि पोलिन यांनी दाखवलं की एक्सेलमधली सरासरी ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ याच ओळींवर घेतली गेली, म्हणून ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत पाच देश गळले. शिवाय काही वर्षं वगळलेली आणि देशांना दिलेलं वजन वादग्रस्त. वरच्या गटातली सरासरी वाढ −०.१ टक्के छापली होती, त्यांच्या हिशेबाने २.२ टक्के येते.

आता मोजायचं काय? २०१३ च्या आधी आणि नंतर वर्षाला किती सायटेशन, एवढंच बघितलं तर फसाल. २०१४ मध्ये छापलेला पेपर २०१२ मध्ये लिहिलेला असू शकतो. सायट करणाऱ्याचंही घड्याळ मसुद्यापासूनच लावायला हवं! मग मे २०१३ नंतर पहिला मसुदा आलेलेच पेपर घ्या आणि बघा : त्यांच्या यादीत हर्न्डन-ॲश-पोलिन आहेत का? दोन्ही असतील तर वादाची जाणीव आहे. फक्त २०१० असेल तर वाक्य वाचा. माणूस कमीत कमी लावून करता येणारी ही सगळ्यात स्वस्त चाचणी. आणि हा पेपर मे २०१० च्या प्रोसीडिंग्जमधला आहे, म्हणजे तिमाहींनी सुरुवातीला सांगितलेल्या खड्ड्यातलाच.

रकाना

शेवटी संख्याशास्त्राचं, थोडक्यात.

सरासरी वापरू नका. समजा आठ पेपरांची सायटेशन ०, ०, २, ३, ५, ८, १२ आणि ४०० आहेत. सरासरी ५३.७५, मध्यक ४. पैकी सात पेपर सरासरीच्या खूप खाली. दर वर्षी असा एक 'चारशेवाला' कुठल्या गटात पडला त्यावर तुमचा निष्कर्ष फिरतो.

शून्यं आहेत म्हणून १ मिळवून लॉग घ्यायची सवय सोडा. व्यस्त हायपरबोलिक साइनही तेच दुखणं लपवतं. चेन आणि रॉथ यांनी २०२४ मध्ये नीट दाखवलंय की शून्यं असताना अशा रूपांतराचा निकाल एकक बदललं की हवा तसा फिरतो. पॉयसाँ रिग्रेशन चालवा, प्रमाणत्रुटी (स्टँडर्ड एरर) मजबूत प्रकारची घ्या. हे रिग्रेशन शून्यं सांभाळतं आणि निकाल टक्क्यांत वाचता येतो. नाहीतर त्याच वर्षाच्या, त्याच क्षेत्राच्या पेपरांत शेकडेवारी क्रमांक काढा.

खिडकी सगळ्यांना सारखी. २०१५ च्या पेपराची दहा वर्षं आणि २०२२ च्याची तीन यांची तुलना वर्षाचा डमी टाकून भरून निघत नाही, कारण वाढीचा आकारच वेगळा असतो. पहिली पाच वर्षं सर्वांची, ज्यांची पाच भरली नाहीत ते बाहेर.

आणि नव्या पेपरांचे गट पाडायचे असतील तर सह-सायटेशन उपयोगाचं नाही. दोन वर्षांच्या पेपरांना एकत्र सायट करायला अजून कोणी आलेलंच नसतं. त्यांच्या संदर्भयाद्या किती जुळतात ते बघा, म्हणजे बिब्लिओग्राफिक कपलिंग. मोजणी अपूर्णांकी ठेवा (यादी लांब तितकं तिच्यातल्या प्रत्येक संदर्भाचं वजन कमी), नाहीतर तीन-चारशे संदर्भांचं एखादं हँडबुक प्रकरण सगळ्यांना स्वतःकडे ओढतं.

घाटमाथा

कपलिंगवर एक अनुभवाचा इशारा, मॉनेटरी शॉकच्या (मध्यवर्ती बँकेच्या धोरणातल्या अनपेक्षित बदलांच्या) साहित्यापुरता. इथली साखळी सरळ आहे : कटनर २००१, गुरकायनाक-सॅक-स्वान्सन २००५, गर्टलर-करादी २०१५, नाकामुरा-स्टाइनसन २०१८, यारोचिन्स्की-करादी २०२०, मिरांदा-अग्रिपिनो आणि रिक्को २०२१. नवा पेपर ही माळ जशीच्या तशी ओवतो. परिणामी ज्यांचा प्रश्न गृहकर्जाचा आणि ज्यांचा विनिमयदराचा, तेही एकाच गठ्ठ्यात येतात. ही सहा नावं काढून कपलिंग पुन्हा चालवा. गठ्ठा सुटला तर तो अवजारांचा होता, प्रश्नाचा नव्हता.

तिमाही

छान चाचणी आहे. पण बावर आणि स्वान्सन त्या यादीत मुद्दाम घातले नाहीत का?

घाटमाथा

मुद्दामच. त्यांचे २०२३ चे दोन पेपर आहेत : एक एईआरमध्ये, फेडच्या माहितीच्या परिणामाला पर्यायी स्पष्टीकरण देणारा, आणि दुसरा एनबीईआर मॅक्रो ॲन्युअलमध्ये, अख्ख्या पद्धतीची फेरतपासणी करणारा. मॅक्रो ॲन्युअलचा तो खंड २०२२ चा आणि छपाई २०२३ ची, म्हणून निम्मे लोक २०२२ लिहितात. त्यात काही जण २०२३ अ आणि २०२३ ब उलटे लावतात. रकानारावांच्या 'जोडू नका' यादीत स्मेट्स-वाउटर्सच्या खालची ओळ यांना द्या, आणि वर्षावर न जाता पानक्रमांकावरून ओळखा.

रकाना

घातली. पानक्रमांक नसतील तिथे जर्नलचं नाव. 'आगामी' एवढंच लिहिलं असेल तर ती नोंद बाजूला काढून हाताने बघतो.